वाईट बातमी टीम लीडपर्यंत सगळ्यात शेवटी का पोचते?

शुक्रवारी संध्याकाळी सॉफ्टवेअरचं नवं रिलीज आपटतं. शनिवारी सकाळी कारणं शोधायला सगळे कॉलवर येतात आणि तासाभरात उघड होतं की टीममधल्या तिघाचौघांना हे आधीच दिसलं होतं. टेस्टरला मंगळवारीच शंका आली होती. डेटाबेस सांभाळणारा तर चहाच्या टपरीवर मित्राला म्हणालाही होता, ‘हे काही टिकत नाही.’ त्याच आठवड्यात रोज सकाळी साडेनऊला स्टँड-अप, म्हणजे टीमची छोटी रोजची बैठक, झाली होती. लीडने रोज विचारलं होतं, ‘काही अडचण?’ आणि रोज उत्तर आलं होतं, ‘नाही सर, चालू आहे.’

हे फक्त हिंजवडीतच घडतं असं नाही. चाकणच्या कारखान्यात, पतसंस्थेच्या शाखेत, सरकारी कचेरीत, हॉस्पिटलच्या वॉर्डात सगळीकडे असंच चालतं. चांगली बातमी लिफ्टने वर जाते, वाईट बातमी तळमजल्यावरच बसून राहते.

नव्याने टीम लीड झालेल्या माणसाला ट्रेनिंगमध्ये वेळेचं नियोजन, कामाची वाटणी, फीडबॅक द्यायची पद्धत असं बरंच काही शिकवतात. ते शिकावंच. पण बरा लीड आणि खरोखर चांगला लीड यांच्यातला फरक मला विचाराल तर एका साध्या गोष्टीवर ठरतो. टीममधल्या सगळ्यात ज्युनियर माणसाच्या लक्षात आलेली नकोशी गोष्ट लीडच्या कानावर किती वेळात येते? एका तासात आली तर बाकीच्या बऱ्याच उणिवा झाकल्या जातात. तीन आठवड्यांनी आली तर कितीही हुशार लीड असला तरी त्याचे निर्णय शिळ्या माहितीवर होतात.

लोक गप्प का बसतात, हे आधी समजून घेऊ. ‘हल्लीच्या पोरांना जबाबदारीच नाही’ हे त्याचं उत्तर नव्हे. बोलणाऱ्याचा हिशोब मांडून बघा. आज तोंड उघडलं तर चारचौघांत आपण अडाणी दिसू, साहेबांचा मूड जाईल, कदाचित ते काम आपल्याच गळ्यात पडेल, अप्रेझलच्या वेळी कोणीतरी आठवण काढेल. हा तोटा लगेच होतो आणि एकट्याचा होतो. बोलल्याचा फायदा मात्र कधीतरी पुढे, सगळ्यांना मिळून, आणि तोही ‘अनर्थ टळला’ अशा न दिसणाऱ्या रूपात. न झालेल्या गोंधळाबद्दल कोणी पाठ थोपटत नाही. त्यामुळे शहाणा माणूस गप्प बसतो. हा हिशोब बदलणं लीडच्याच हातात असतं.

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांचं काम इथे उपयोगी पडतं. १९९० च्या दशकात पीएच.डी. करताना त्या हॉस्पिटलमधल्या नर्सिंग युनिट्सचा आणि औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. अंदाज सरळ होता, की ज्या टीममध्ये एकमेकांचं पटतं, जिथे नेतृत्व चांगलं आहे, तिथे चुका कमी असतील. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्येच चुका जास्त नोंदवलेल्या दिसल्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला. त्या टीम चुका जास्त करत होत्या असं दिसेना. त्या चुका सांगत होत्या, त्यांवर बोलत होत्या. बाकीच्या ठिकाणी चुका झाकल्या जात होत्या आणि कागदावर सगळं छान दिसत होतं. पुढे १९९९ साली त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’ ही कल्पना नीट मांडली. आपण बोललो, विचारलं, चूक कबूल केली तर इथे आपलं हसं होणार नाही की शिक्षा होणार नाही, असा टीममधल्या सगळ्यांचा मिळून असलेला विश्वास, एवढाच तिचा अर्थ. नंतर गूगलने आपल्याच १८० टीम तपासून चांगल्या टीमचं वेगळेपण शोधायचा प्रयत्न केला. त्यांच्या यादीतही हीच गोष्ट पहिल्या क्रमांकावर आली.

पण हे सगळ्यात महागात पडून कोणी शिकलं असेल तर विमानवाहतुकीने.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोदेओस विमानतळावर दाट धुकं होतं. शेजारच्या बेटावर बाँब फुटल्यामुळे तिकडची विमानं या छोट्या विमानतळावर वळवलेली, सगळीकडे गर्दी. धावपट्टीच्या एका टोकाला केएलएम कंपनीचं बोइंग ७४७ उड्डाणासाठी उभं आणि त्याच धावपट्टीवर पॅन ॲमचं ७४७ समोरून हळूहळू येत होतं. केएलएमचे कॅप्टन म्हणजे कंपनीतले बडे प्रशिक्षक, कंपनीच्या जाहिरातीत त्यांचा फोटो छापलेला. शेजारी बसलेल्या को-पायलटची ७४७ ची परीक्षा त्यांनीच दोनेक महिन्यांपूर्वी घेतली होती.

कॅप्टननी इंजिनाला जोर द्यायला सुरुवात केली तेव्हा को-पायलट म्हणाला, थांबा, अजून परवानगी आलेली नाही. कॅप्टन म्हणाले, माहितीये मला, विचार त्यांना. मग कंट्रोल टॉवरने उड्डाणानंतरच्या मार्गाबद्दल सूचना दिल्या. ती उड्डाणाची परवानगी नव्हती, पण कॅप्टननी विमान सोडलं. या वेळी को-पायलट त्यांना काही बोलला नाही. एकदा टोकलं होतं, लगेच दुसऱ्यांदा कसं टोकायचं? मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला रेडिओवरचं बोलणं ऐकून शंका आली. त्याने विचारलं, तो पॅन ॲमवाला अजून बाहेर पडला नाहीये का? कॅप्टन ठामपणे म्हणाले, पडलाय की! विषय संपला. पुढच्या काही सेकंदांत दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. विमान अपघातांच्या इतिहासातला हा आजही सगळ्यात मोठा आकडा आहे.

अपघाताची कारणं अनेक होती. धुकं होतं, रेडिओवर दोन संदेश एकाच वेळी आल्याने आवाज चिरकला, कामाच्या तासांची मर्यादा संपत आली होती. पण त्या कॉकपिटमध्ये बरोबर माहिती असलेला माणूस हजर होता, ही गोष्ट उरतेच. इंजिनिअरने शंका काढली, पण प्रश्नाच्या रूपात, अदबीने. आपल्याकडेही वरच्याला चूक दाखवायची ती अशीच. ‘सर, एकदा बघून घ्यायचं का?’ याचा खरा अर्थ ‘सर, हे चुकलंय’ असा असतो. तो न कळणारा लीड ‘नको, ठीक आहे’ म्हणतो आणि पुढे जातो.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेत पोर्टलंडला युनायटेड एअरलाइन्सचं विमान उतरताना चाकांबद्दल शंका आली. कॅप्टन त्या एका गोष्टीत इतके गुंतले की विमान तासभर घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत चाललंय हे इतरांना दिसत होतं, त्यांनी सुचवलंही, पण आडून. शेवटी इंजिनं बंद पडली आणि दहा जण गेले. चौकशीनंतर दोन बाजूंनी शिफारस झाली. ज्युनियर लोकांना ठामपणे बोलायला शिकवा आणि कॅप्टनना ऐकून घेऊन काम करायला शिकवा. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली, १९८१ पासून युनायटेडने आपल्या वैमानिकांना तसं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यालाच आज सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) म्हणतात आणि जगभरच्या वैमानिकांना ते घ्यावंच लागतं.

त्याचा उपयोग दिसला तो १९ जुलै १९८९ ला. युनायटेडच्याच एका डीसी-१० विमानाचं मागचं इंजिन हवेत फुटलं आणि विमान वळवायच्या सगळ्या हायड्रॉलिक यंत्रणा एकदम निकामी झाल्या. असं होऊ शकतं हेच कोणी धरलं नव्हतं, त्यामुळे पुस्तकात उपाय नव्हता. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या एका सुट्टीवरच्या प्रशिक्षक वैमानिकालाही कॉकपिटमध्ये घेतलं, चौघांनी मिळून फक्त उरलेल्या इंजिनांच्या जोरावर विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. विमान मोडलं, तरी २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स नंतर सांगत असत, असं विमान कोणीच कधी उतरवलेलं नव्हतं, मग बाकीच्या तिघांपेक्षा मलाच जास्त कळतं असं मी का धरायचं?

आपल्या ऑफिसात माणसं मरत नाहीत, हे खरं. त्यामुळेच कदाचित आपण शिकत नाही.

आता ऑफिसकडे येऊ. २००६ मध्ये ॲलन मुलाली बोइंग सोडून फोर्डचे प्रमुख झाले. कंपनीला त्या वर्षी १२ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. त्यांनी दर गुरुवारी सगळ्या विभागप्रमुखांची बैठक सुरू केली. प्रत्येकाने आपलं काम रंगात दाखवायचं. सुरळीत असेल तर हिरवा, धोका असेल तर पिवळा, अडलं असेल तर लाल. सुरुवातीला सगळ्यांचे तक्ते हिरवेगार. कंपनी अब्जावधी बुडतेय आणि एकाही विभागात अडचण नाही! आयटीतल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. असल्या प्रोजेक्टला आपण कलिंगड म्हणतो, बाहेरून हिरवं, कापलं की लाल. मुलालींनी तेच विचारलं, की एवढा तोटा होतोय आणि काहीच बिघडलेलं नाही?

काही दिवसांनी विभागप्रमुखांपैकी मार्क फील्ड्स यांनी लाल रंग दाखवला. कॅनडातल्या कारखान्यातून बाहेर पडायच्या बेतात असलेल्या एका नव्या गाडीत दोष सापडला होता आणि त्यांनी ती रोखून धरली होती. खोलीत शांतता. याची नोकरी गेली, असंच बाकीच्यांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या. मग विचारलं, याला मदत कोण करू शकेल? लगेच दोनतीन विभागांतून सूचना आल्या. तरी बाकीच्यांचे तक्ते त्याच आठवड्यात बदलले नाहीत, हे मला त्या गोष्टीत सगळ्यात खरं वाटतं. फील्ड्स पुढच्या बैठकीलाही आपल्या खुर्चीत दिसले, तेव्हा कुठे इतरांचे रंग हळूहळू खरे होऊ लागले. तेच फील्ड्स २०१४ मध्ये मुलालींच्या जागी फोर्डचे प्रमुख झाले.

म्हणजे ‘माझं दार सदैव उघडं आहे’ असं पहिल्या दिवशी जाहीर करून काही होत नाही. सगळेच लीड तसं म्हणतात. लोक बघत असतात ते पहिला जो बोलेल त्याचं काय होतं ते. तुमची परीक्षा त्या पहिल्या वाईट बातमीनंतरच्या दहा सेकंदांत होते. ‘आत्ता सांगतोयस?’ हे दोन शब्द पुढच्या सहा महिन्यांचं नुकसान करून जातात, मग तुम्ही नंतर कितीही समजुतीने वागा. कपाळाला हात लावणं, सुस्कारा सोडणं, शेजारच्याकडे बघून हसणं हेही त्यातच आलं. राग येणारच, तो येऊ नये असं नाही. पण पहिलं वाक्य आधीच ठरवून ठेवावं. ‘बरं झालं सांगितलंस. आत्ता नक्की परिस्थिती काय आहे?’ मला तरी याहून चांगलं वाक्य सापडलेलं नाही. उशिरा का सांगितलं ही चौकशी आग विझल्यावर, तीही एकट्याला बोलावून.

प्रश्न विचारायची रीतही बदलावी लागते. ‘काही अडचण?’ या प्रश्नाचं सोयीचं उत्तर ‘नाही’ हेच आहे. त्याऐवजी अडचण आहे असं धरूनच विचारावं. ‘समजा हे रिलीज पंधरा तारखेला फसलं. कशामुळे फसलं असेल? प्रत्येकाने एक कारण लिहा.’ मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी या पद्धतीला ‘प्री-मॉर्टेम’ असं नाव दिलं. काम मेलंय असं धरून आधीच शवविच्छेदन करायचं. गंमत अशी की इथे शंका काढणारा माणूस विरोधक ठरत नाही, दिलेलं काम करणारा ठरतो. कारणं आधी लिहून घ्यायची आणि मग वाचायची. तोंडी विचारलं की पहिला जे बोलतो त्याचीच री बाकीचे ओढतात. आणि पहिला बोलणारा लीडच असेल तर मग बैठक घ्यायचीच कशाला? आपलं मत शेवटी सांगायची सवय लावून घेणं भल्याभल्यांना जड जातं, विशेषतः जो कालपर्यंत टीममधला सगळ्यात हुशार डेव्हलपर होता आणि आज लीड झालाय त्याला.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे कोणी फारसा काढत नाही, पण तो मोठा आहे. लातूर किंवा सांगोल्याहून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली मुलगी इंग्रजी कॉलवर गप्प असते, याचा अर्थ तिला सांगण्यासारखं काही नाही असा होत नाही. कॉलवर क्लायंट असतो, वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे सरकतो. कॉलनंतर पाच मिनिटं मराठीत ‘तुला काय वाटतं गं?’ असं विचारलं तर तीच मुलगी दोष कुठल्या ओळीत आहे ते सांगते. लेखी कळवायची मुभा ठेवली तरी बराच फरक पडतो.

काही कारखान्यांत यासाठी एक तयार यंत्रणाच असते. टोयोटाच्या धर्तीवर चालणाऱ्या लाइनवर कामगाराच्या डोक्यावर दोरी किंवा हाताशी बटण असतं, अँडन म्हणतात त्याला. काही खटकलं की ओढायचं. लोकांना वाटतं त्यामुळे लाइन लगेच थांबते. तसं नसतं. दिवा लागतो, सूर वाजतो आणि टीम लीड त्या जागी धावत येतो. गाडी पुढच्या ठरलेल्या खुणेपर्यंत जाईतो दोघांनी मिळून सुटलं तर लाइन चालूच राहते, नाही सुटलं तर थांबते. यासाठी टोयोटात एका टीम लीडकडे साधारण पाचसहाच माणसं असतात. आपल्या ऑफिसात एका लीडकडे पंधरा जण आणि वर त्याच्या स्वतःच्या कॅलेंडरवर दिवसाला सात मीटिंग, अशी स्थिती असेल तर कोणी दोरी ओढली तरी येणार कोण? दोनदा ओढून कोणी आलं नाही की माणूस तिसऱ्यांदा ओढत नाही. त्यामुळे दिवसातला एखादा तास कसलीही मीटिंग न घेता मोकळा ठेवणं, आणि तो मोकळा आहे हे टीमला माहीत असणं, ही चैन समजू नये.

सांगितलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं हे कळवणंही तितकंच महत्त्वाचं. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक, कंट्रोलर वगैरे मंडळी आपल्या चुका गोपनीयपणे एका यंत्रणेला कळवू शकतात. दंड करायचे अधिकार विमानवाहतूक खात्याकडे आहेत, पण अहवाल घेते नासा. नावं काढून टाकली जातात. जाणूनबुजून केलेली नसलेली चूक दहा दिवसांत कळवली तर सहसा दंड माफ होतो. अपघात आणि गुन्हे यातून वगळलेले आहेत. आणि आलेल्या अहवालांतून शिकण्यासारखं जे असेल ते दर महिन्याच्या पत्रकात छापून सगळ्यांना परत पाठवतात. टीममध्ये एवढं अवडंबर नको. पण ‘मागच्या आठवड्यात तू म्हणालास त्यावर आपण हे केलं’, किंवा ‘यावर काही करणार नाही आहोत, कारण असं असं’, एवढं सांगितलं तरी पुरतं.

इथे कोणीतरी विचारतोच, मग काय सगळं माफ? कोणी काहीही करावं आणि वर येऊन सांगितलं की झालं? नाही. चुकांचे प्रकार वेगळे करता आले पाहिजेत. दोन सारख्या नावांच्या सर्व्हरमध्ये गल्लत होऊन चुकीच्या ठिकाणी कमांड चालवली, ही चूक कोणाकडूनही होईल. तिथे माणसाला धीर द्यायचा आणि नावं बदलायची. सगळेच घाईत रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याकडून कोड तपासून घेणं, टाळतात म्हणून यानेही टाळला, तर त्याला समजावायचं आणि रिव्ह्यू इतका त्रासदायक का झालाय तेही बघायचं. पण स्पष्ट नाही म्हटलेलं असताना, धोका माहीत असताना मुद्दाम केलं, किंवा चूक लपवायला सर्व्हरवरच्या नोंदी (लॉग) पुसल्या, तर तिथे कारवाई झालीच पाहिजे. नाहीतर प्रामाणिकपणे सांगणाऱ्यांचाच विश्वास उडतो. एडमंडसन स्वतःही सांगत आल्या आहेत की बोलायची मोकळीक म्हणजे कामाचा दर्जा सैल सोडणं नव्हे. मोकळीक आहे पण कामाची अपेक्षाच नाही, अशा टीममध्ये गप्पा छान होतात आणि काम रखडतं.

राहता राहिला लीडचा स्वतःचा साहेब. टीमने सगळं खरं सांगायला सुरुवात केली आणि तुम्ही मात्र वर हिरवाच तक्ता पाठवत राहिलात, तर टीमला ते दोन दिवसांत कळतं. वर वाईट बातमी नेताना ती लवकर न्यावी, आणि नुसती समस्या न टाकता कुठे आहोत, काय माहीत आहे, काय अजून कळायचंय, कोणते दोन मार्ग आहेत आणि निर्णय कधीपर्यंत हवा, असं नेमकं सांगावं. क्लायंटलाही हेच लागू. तारीख चुकणार हे तीन आठवडे आधी ऐकलेला क्लायंट वैतागतो. आदल्या रात्री ऐकलेला क्लायंट कंत्राट काढून घेतो. आणि नाव घ्यायची वेळ आली तर दोष ‘आमच्या टीमकडून’ झाला म्हणावं, शोध मात्र ज्याने लावला त्याच्या नावाने सांगावा. तुम्ही वर काय बोललात हे खाली झिरपतंच.

हे सगळं सुरू केल्यावर पहिले दोनतीन महिने तुमचा तक्ता शेजारच्या टीमपेक्षा वाईट दिसेल, याची तयारी ठेवा. तिकडे हिरवळ आणि तुमच्याकडे सात लाल, पाच पिवळे. मासिक आढाव्यात कोणीतरी विचारेलही, ‘तुमच्याच टीममध्ये एवढे प्रॉब्लेम कसे?’ तेव्हा सांगायला एक साधी नोंद जवळ ठेवावी. प्रत्येक अडचण टीममध्ये पहिल्यांदा कोणाला कधी दिसली आणि तुम्हाला कधी कळली, एवढ्या दोनच तारखांची. लाल खुणा किती आहेत यापेक्षा त्या दोन तारखांमधलं अंतर कमी होतंय का, हे तिथे दाखवता येतं.